मराठी अर्थ एकच, इंग्रजी शब्द तीन-चार: नेमका कोणता वापरायचा?

मराठी माध्यमात शिकून नोकरीला लागलेल्या बऱ्याच जणांचं इंग्रजी व्याकरणापेक्षा शब्दनिवडीत जास्त अडतं. काळ, एकवचन-अनेकवचन हे सरावाने अंगवळणी पडतं. पण ‘सांगितलं’ लिहायचं असताना ‘सेड’ की ‘टोल्ड’, ‘नाकारलं’ लिहायचं असताना ‘डिनाइड’ की ‘रिफ्यूज्ड’, इथे हात थबकतो. पाठ्यपुस्तकातल्या शब्दार्थांच्या यादीत दोन्ही शब्दांपुढे एकच मराठी अर्थ छापलेला असायचा आणि आपण तो घोकला. म्हणून दोन्ही शब्द आपल्याला सारखेच वाटतात.

नवा इंग्रजी शब्द समोर आला की ‘याचा मराठीत अर्थ काय’ एवढ्यावर थांबू नका. आणखी तीन गोष्टी विचारा. ही क्रिया माणूस मुद्दाम करतो की ती आपोआप घडते? या शब्दानंतर काय येतं: माणूस, वस्तू की दुसरी क्रिया? आणि हा शब्द कुठे शोभतो: घरात, ऑफिसात की कोर्टाच्या कागदावर? खाली हेच क्रमाने करून बघू. रोज एकच भाग घ्या, सगळं एकदम नको.

1. मराठीत आधीच असलेला फरक वापरा

‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ या तिन्हींचा अर्थ आपण ‘बघणे’ असा पाठ केला. पण मराठीत ‘दिसणे’ आणि ‘बघणे’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि ती वापरताना आपण कधीच चुकत नाही. ‘मला रस्त्यात सर दिसले’ आणि ‘मी सरांकडे बघितलं’ यातला फरक पहिलीतल्या मुलालाही कळतो. ‘दिसले’ म्हणजे ‘सॉ’, ‘कडे बघितलं’ म्हणजे ‘लुक्ड ॲट’. उरला ‘वॉच’. जे हलतं, बदलतं, घडत असतं, ते काही वेळ लक्ष देऊन बघणं म्हणजे ‘वॉच’. मॅच, टीव्ही, खेळणारं मूल, गॅसवर ठेवलेलं दूध. भिंतीवरचं चित्र आपण ‘वॉच’ करत नाही, कारण त्यात काही घडत नसतं.

हीच गोष्ट कानाची. ‘ऐकू आलं’ तिथे ‘हर्ड’, ‘लक्ष देऊन ऐकलं’ तिथे ‘लिसन्ड टु’. फोनवर आवाज तुटत असेल तर ‘आय कान्ट लिसन यू’ म्हणू नका. ‘आय कान्ट हियर यू’ म्हणा, कारण तुम्हाला ऐकायचं आहे, ऐकू येत नाहीये.

एक खूण लक्षात ठेवा. ज्या मराठी वाक्याची सुरुवात ‘मला’ने होते (मला दिसलं, मला ऐकू आलं, मला आठवलं), तिथे क्रिया बहुधा आपोआप घडलेली असते. ‘मी’ने सुरू होणाऱ्या वाक्यात आपण ती केलेली असते. ‘मला आठवलं’ म्हणजे ‘आय रिमेम्बर्ड’. ‘मी त्याला आठवण करून दिली’ म्हणजे ‘आय रिमाइंडेड हिम’. ‘प्लीज रिमेम्बर मी टुमॉरो’ असा मेसेज पुष्कळ जण पाठवतात. त्याचा अर्थ ‘उद्या माझी आठवण काढा’ असा होतो. तिथे ‘रिमाइंड मी’ हवं.

चोरीच्या बाबतीतही मराठी मदतीला येते. वस्तू ‘चोरली’ जाते, माणूस ‘लुटला’ जातो आणि घर ‘फोडलं’ जातं. इंग्रजीत त्यांना अनुक्रमे ‘स्टील’, ‘रॉब’ आणि ब्रिटनमध्ये ‘बर्गल’ म्हणतात. म्हणून ‘माय मोबाइल वॉज रॉब्ड’ चूक, ‘माय मोबाइल वॉज स्टोलन’ बरोबर. परदेशात पोलिसांकडे तक्रार द्यायची वेळ आली तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. ‘आय वॉज रॉब्ड’ म्हटलं की तुमच्यावर कोणी हात उगारला का, धमकावलं का, हा प्रश्न आधी येईल.

2. शब्दानंतर काय येतं ते बघा

मला विचाराल तर शब्दाच्या अर्थाइतकंच त्याच्या पुढे काय बसतं हे महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच आपल्याला कोणी शिकवलं नाही.

‘टेल’ला लगेच माणूस लागतो: ‘ही टोल्ड मी’, ‘शी टोल्ड द मॅनेजर’. ‘से’ला माणूस लागतोच असं नाही, आणि आलाच तर मध्ये ‘टु’ घालावा लागतो: ‘ही सेड टु मी’. त्यामुळे ‘ही टोल्ड दॅट’ आणि ‘ही सेड मी’ दोन्ही चूक. गोष्ट, खोटं आणि खरं मात्र ‘टेल’च केलं जातं, तिथे माणूस नसला तरी चालतं. ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ यांच्यात फार अडकू नका. भाषा ‘स्पीक’ करतात, सभेत ‘स्पीक’ करतात, गप्पा ‘टॉक’ असतात, आणि बाकी बऱ्याच ठिकाणी दोन्ही चालतात.

आता ‘नाकारणे’ हा शब्द घ्या. याच्यापुढे इंग्रजीत निदान चार शब्द उभे राहतात आणि चुकीचा निवडला तर वाक्याचा अर्थच फिरतो.

एखादं काम करायला नकार दिला, तर ‘रिफ्यूज’. याच्यानंतर ‘टु’ लावून क्रिया येते: ‘ही रिफ्यूज्ड टु साइन’. एखादी गोष्ट खरी नाही असं म्हटलं, आरोप फेटाळला, तर ‘डिनाय’. याच्यानंतर आरोप येतो किंवा केल्याचं म्हटलं जाणारं कृत्य येतं: ‘ही डिनाइड द चार्ज’, ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘ही डिनाइड टु कम’ हे वाक्य म्हणूनच बसत नाही. तो यायला तयार नव्हता, कसलाही आरोप फेटाळत नव्हता. अर्ज, प्रस्ताव किंवा तपासणीत नापास झालेला माल यांना ‘रिजेक्ट’. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना ‘रिजेक्शन’ शब्द वेगळा शिकवायची गरज नाही. आमंत्रण किंवा नोकरीची ऑफर मान राखून नाकारली, तर ‘डिक्लाइन’. ऑफर नको असेल तर पत्रात ‘आय रिजेक्ट युवर ऑफर’ लिहिणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं. ‘डिक्लाइन’ने तेच काम सभ्यपणे होतं.

‘डिनाय’चा आणखी एक उपयोग आहे आणि तो वर्तमानपत्रात रोज दिसतो. एखाद्याला हक्काची किंवा मागितलेली गोष्ट मिळू दिली नाही, तरी ‘डिनाय’. जामीन नाकारला म्हणजे ‘बेल वॉज डिनाइड’. तिथे आरोप फेटाळण्याचा संबंध नाही. म्हणून वहीत ‘डिनाय’पुढे दोन ओळी लिहा, एक नको.

‘मान्य करणे’ही असंच तीन ठिकाणी विभागतं. समोर आलेली वस्तू, ऑफर, माफी स्वीकारली तर ‘ॲक्सेप्ट’. काम करायला होकार दिला तर ‘ॲग्रीड टु’. आणि कबूल करायला जड जात असलेली चूक कबूल केली तर ‘ॲडमिट’. ‘ॲक्सेप्ट’च्या पुढे ‘टु’ लावून क्रिया बसत नाही. ‘शी ॲक्सेप्टेड टु वर्क ऑन संडे’ नको, ‘शी ॲग्रीड टु वर्क ऑन संडे’ लिहा.

3. ‘पर्यंत’ आणि ‘पासून’

ऑफिसच्या मेलमध्ये सगळ्यात जास्त घोटाळा या दोन शब्दांचा होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवतो.’ याचं इंग्रजी पुष्कळ जण ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ असं करतात. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला यातून कळतं की तुम्ही रिपोर्ट पाठवायला सुरुवात करणार आणि शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवतच राहणार. तुम्हाला म्हणायचंय ‘बाय फ्रायडे’. मराठीतला ‘पर्यंत’ दोन कामं करतो, इंग्रजीत त्यांची वाटणी झालेली आहे.

ओळखायचं कसं? क्रिया एकदा होऊन संपते का, हे बघा. रिपोर्ट पाठवणं, पैसे भरणं, पोहोचणं या क्रिया एकदाच होतात, त्यांना मुदत असते, तिथे ‘बाय’. राहणं, थांबणं, काम करत असणं, दुकान उघडं असणं हे चालू राहतं, तिथे ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. ‘शुक्रवारपर्यंत मी नाशिकला आहे’ म्हणजे ‘आय ॲम इन नाशिक टिल फ्रायडे’. ‘दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं’, इथेही ‘टिल नाइन’.

नकार आला की मात्र पाठवण्यासारख्या क्रियेलाही ‘टिल’ लागतो. ‘आय वोन्ट सेंड इट टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारच्या आधी पाठवणार नाही, शुक्रवारी पाठवीन. न पाठवण्याची स्थिती तोवर चालू राहते, म्हणून. एवढं एक वाक्य नीट समजलं की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

‘दहा मिनिटांनी येतो’ आणि ‘दहा मिनिटांच्या आत येतो’ यातही फरक करा. पहिल्याला ‘इन टेन मिनिट्स’, दुसऱ्याला ‘विदिन टेन मिनिट्स’. ग्राहकाला दिलेल्या शब्दाचा प्रश्न असेल तिथे ही गफलत महागात पडते. ‘इन टू डेज’ लिहिलंत तर तो दोन दिवसांनी वाट बघेल, ‘विदिन टू डेज’ लिहिलंत तर उद्याही फोन करेल.

आता ‘पासून’. ‘मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय’ याचं ‘आय ॲम वर्किंग हियर सिन्स टू इयर्स’ हे भाषांतर भारतात कोणीही समजून घेईल, पण मुलाखतीत ते खटकतं. ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो: ‘सिन्स 2022’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स दिवाळी’. ‘फॉर’ला कालावधी लागतो: ‘फॉर टू इयर्स’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालतो, म्हणून आपली फसगत होते. सोबत क्रियापदही बदला: ‘आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर टू इयर्स’.

4. कोणाकडून कोणाकडे

‘लेंड’ म्हणजे उसनं देणं, ‘बॉरो’ म्हणजे उसनं घेणं. पेन मागताना ‘कॅन यू बॉरो मी युवर पेन’ असं ऐकू येतं. ते ‘कॅन आय बॉरो युवर पेन’ किंवा ‘कॅन यू लेंड मी युवर पेन’ असं हवं. भाड्याचं मात्र उलट आहे. ‘रेंट’ देणाऱ्यालाही चालतो आणि घेणाऱ्यालाही. पुण्याच्या गल्लीबोळांत लटकणाऱ्या ‘टू लेट’च्या पाट्यांवर जो ‘लेट’ आहे, तो फक्त देणाऱ्याचा. मालक ‘लेट’ करतो, भाडेकरू करत नाही. आणि एसटीचं भाडं ‘रेंट’ नव्हे, ‘फेअर’.

निघताना आपण ‘येतो हं’ म्हणतो, कारण ‘जातो’ म्हणणं आपल्याला बरं वाटत नाही. ही आपली सुंदर रीत आहे, पण तिचं ‘आय ॲम कमिंग’ करू नका. समोरचा खुर्ची सरकवून तुमची वाट बघत बसेल. ‘सी यू’ किंवा ‘आय शुड गेट गोइंग’ म्हणून निघा.

5. मनात काय आहे

‘सर, मला एक शंका आहे’ याचं ‘सर, आय हॅव अ डाउट’ भारतातल्या प्रत्येक वर्गात चालतं. भारताबाहेर ‘डाउट’ म्हणजे अविश्वास. वक्त्याला तुम्ही ‘आय हॅव अ डाउट’ म्हणालात तर आपलं म्हणणं तुम्हाला पटलेलं नाही असं त्याला वाटेल. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा.

‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’ यांच्यात तर दिशाच उलटी आहे. ‘आय डाउट ही टुक द मनी’ म्हणजे त्याने पैसे घेतले नसावेत. ‘आय सस्पेक्ट ही टुक द मनी’ म्हणजे त्यानेच घेतले असावेत. दोघांचं मराठी आपण ‘शंका’ किंवा ‘संशय’ असं करतो आणि चौकशीच्या कागदावर निर्दोष माणूस अडकू शकतो. हा फरक तोंडपाठ असू द्या.

‘होप’ आणि ‘एक्स्पेक्ट’. ‘एक्स्पेक्ट’मध्ये इच्छा नसते, अंदाज असतो: पाऊस पडेल असं दिसतं तर ‘आय एक्स्पेक्ट रेन’. पण माणसाकडून ‘एक्स्पेक्ट’ केलं की त्यात हुकमाचा सूर येतो. वरिष्ठांना ‘आय एक्स्पेक्ट युवर रिप्लाय टुडे’ असं लिहू नका. उत्तराची आशा आहे एवढंच सांगायचं तर ‘आय होप टु हियर फ्रॉम यू’ पुरेसं आहे.

6. शब्दाचा थाट ओळखा

1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची कित्येक पिढ्या दरबार-कचेरीत फ्रेंच वावरली, तर शेतात आणि स्वयंपाकघरात जुनी इंग्रजी टिकून राहिली. त्यामुळे एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द राहिले: ‘बाय’ आणि ‘परचेस’, ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’, ‘हेल्प’ आणि ‘असिस्ट’. पहिला घरचा, दुसरा कचेरीतला. आपल्याला हे नवं नाही. ‘घर’ आणि ‘गृह’ यांचा अर्थ एकच, पण आपण गृहप्रवेश करतो आणि घरी जातो. ‘आय परचेस्ड सम व्हेजिटेबल्स’ म्हणणं ‘मी भाजीचा क्रय केला’ म्हणण्यासारखं ऐकू येतं.

अवघड शब्द वापरला की इंग्रजी चांगलं दिसतं ही समजूत सोडा. बोलताना आणि रोजच्या मेलमध्ये घरचा शब्द घ्या. करार, निविदा, अधिकृत सूचना यांत कचेरीतला.

जाता जाता दोन जोड्या. ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ दोन्ही ‘ऐतिहासिक’. पण 1 मे 1960 हा महाराष्ट्राच्या स्थापनेचा दिवस ‘हिस्टॉरिक’, कारण तो इतिहासात मोठा ठरला. पेशवाईवरची कादंबरी ‘हिस्टॉरिकल’, कारण ती इतिहासाबद्दल आहे. आणि ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे खूप मेहनत करतो, पण ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे जेमतेम काम करतो. शिफारसपत्र लिहिताना ‘ली’ लावण्याआधी दोनदा वाचा.

7. देश बदलला की अर्थ बदलतो

काही शब्द आपण मराठीत इतके वापरतो की ते इंग्रजीतही तसेच असतील असं गृहीत धरतो. मिसळ खायला आपण ‘हॉटेल’मध्ये जातो, पण इंग्रजीत ‘हॉटेल’ राहण्याचं, जेवणाचं ‘रेस्टॉरंट’. गाडीची ‘डिकी’ ब्रिटनमध्ये ‘बूट’ आणि अमेरिकेत ‘ट्रंक’. ‘स्टेपनी’ हा शब्द आला वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. तिथे 1904 च्या सुमारास जादा चाक बनवायला सुरुवात झाली. पण आज ब्रिटनमध्ये ‘स्पेअर व्हील’ म्हणावं लागतं. ‘मी 2018 ला पास आउट झालो’ याचं शब्दशः इंग्रजी केलंत तर अमेरिकन माणसाला तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटेल. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ‘पासिंग आउट परेड’ होतं, तो लष्करी प्रयोग वेगळा आणि बरोबर आहे. पदवीसाठी ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा.

एका शब्दाबद्दल मात्र मनापासून सांगतो. ‘त्यांचे वडील एक्सपायर झाले’ असं आपण आदराने म्हणतो. इंग्रजीत आज औषध ‘एक्सपायर’ होतं, पासपोर्ट होतो. परदेशी सहकाऱ्याच्या घरी कोणी गेलं असेल तर सांत्वनाच्या पत्रात हा शब्द येऊ देऊ नका. ‘पास्ड अवे’ लिहा.

‘प्रीपोन’ हा मला अतिशय चोख शब्द वाटतो आणि भारतात तो बिनदिक्कत वापरावा. परदेशी ग्राहक असेल तर त्याला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ कळतं, आणि सोबत नवी तारीखही लिहावी म्हणजे घोळ होत नाही.

गोंधळ फक्त आपलाच होतो असं नाही. ब्रिटनमध्ये विषय ‘टेबल’ करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांचा एका बैठकीत या शब्दावरून बराच वेळ वाद झाला आणि शेवटी दोघांना एकच हवं होतं असं निघालं, अशी नोंद चर्चिल यांनी आपल्या युद्धाच्या इतिहासात केली आहे. तुमच्या बैठकीत दोन्ही देशांची माणसं असतील तर हा शब्द टाळलेलाच बरा.

8. कोणता शब्दकोश आणि कशी वही

इंग्रजी-मराठी शब्दकोश अर्थाची पहिली ओळख करून देतो. मोल्सवर्थ आणि कॅन्डी यांनी 1847 साली केलेला कोश आजही थक्क करतो. पण दोन शब्दांतला फरक हवा असेल तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. विद्यार्थी कुठे अडतात ते बघून त्यांनी तयार केलेला कोश 1942 मध्ये तोक्योत निघाला आणि पुढे तोच ऑक्सफर्डचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश म्हणून जगभर पोहोचला. 1987 चा कॉलिन्स कोबिल्ड कोश तर अर्थ पूर्ण वाक्यात देतो, त्यामुळे शब्दापुढे काय येतं ते आपोआप कळतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. अर्थ वाचून थांबू नका, खालची उदाहरणं मोठ्याने वाचा.

वहीत एका शब्दापुढे एक मराठी अर्थ अशी यादी करू नका. मराठी शब्द मधे लिहा आणि त्याच्याभोवती इंग्रजी शब्द, प्रत्येकाला तुमच्या स्वतःच्या कामातलं एक वाक्य. उदाहरणार्थ, मधे ‘किंमत’. एका बाजूला ‘प्राइस’: दुकानदार मागतो ती, पाकिटावर छापलेली. दुसऱ्या बाजूला ‘कॉस्ट’: ती वस्तू बनवायला किंवा मिळवायला आलेला खर्च. तिसरीकडे ‘व्हॅल्यू’: तिचं मोल, जे पैशात मोजता येईलच असं नाही. तुम्ही अकाउंट्समध्ये असाल तर तिन्हींची वाक्यं तुमच्या टेबलावरच्या कागदांत सापडतील.

मग तुमच्या मेलचं सेंट फोल्डर उघडा आणि तिथल्या शोधात ‘टिल’ टाका. जी वाक्यं निघतील त्यातली क्रिया एकदाच होणारी आहे का ते बघा आणि चुकलेली वाक्यं वहीत दुरुस्त करून लिहा. ते झालं की ‘सिन्स’, मग ‘डिनाय’, मग ‘डाउट’, मग ‘एक्स्पेक्ट’. आठवड्याला एकच शब्द घ्या.